जुनी मोटार आणि मागचा भार
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबेसडर आपल्यापैकी काही घरांत अद्याप जिवापाड जपलेली आहे. कोलकात्याहून राँचीकडे सहकुटुंब निघताना तिच्यामागे सामानाचा छोटा ट्रेलर जोडावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. इंजिन तो ओढील काय, असे आम्हांला विचारले जाते. आमच्या मते हा प्रश्न गौण होय. खरा प्रश्न, तो भार थांबेल काय, हा आहे.

जुन्या अँबेसडरचे वजन सुमारे ११०० किलो आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. सपाटीवर ते उत्तम काम देतात. परंतु राँचीहून रामगडकडे उतरणाऱ्या चुटूपालू घाटात ब्रेक सतत दाबून धरला, तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड सुटत जाते आणि पाय तळाशी टेकला तरी गाडी मंदावत नाही. त्यात ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेणारे; जुने झालेले तेल उष्णतेने उकळते व नळीत वाफ धरते. म्हणून तेल दोन वर्षांनी बदलावे, आणि उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ब्रिटनमध्ये गाडीच्या वजनाच्या निम्मे किंवा ७५० किलो, यांपैकी जे कमी, ती मर्यादा आहे. जुन्या गाडीस आम्ही ३०० किलोंपलीकडे जाऊ देणार नाही, मग घरची मंडळी कितीही रुसोत!

सामान कसे भरावे, हे आपल्या बैलगाडीवाल्यास सांगावे लागत नाही. मागे भार झाला की गाडी उलाळते, हे तो जाणतो. येथेही तेच. जड वस्तू आसावर, तळाशी. आणि जोडाच्या टोकावर एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार असावा. ४० किलोंपर्यंतचा असा भार घरच्या वजनकाट्यावर सहज मोजता येतो. मागे भार जास्त झाला, तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. अशा वेळी जोराचा ब्रेक किंवा उलटसुलट स्टिअरिंग घातक ठरते. चाक सरळ धरून ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा.

जोड बंपरला कधीही लावू नये. अँबेसडरला वेगळी चासी नाही, सांगाडा व पत्रा एकच. तेव्हा गंज तपासून, आतून जाड पट्टी देऊनच बोल्ट घालावेत. जोडाखालून दोन साखळ्या फुलीसारख्या बांधाव्यात. मागचे कमानपाटे बसलेले असतील, तर ट्रेलरचा विचारच सोडावा.

कायद्याचेही पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६१ व्या कलमानुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसावा लागतो. रंगाऱ्याकडून तो आधीच लिहवून घ्यावा. निघण्याच्या सकाळी कोणालाच सवड नसते.