मोर्चाहून घरी परतणारी बाई



देवळीकरांनी मला या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिला आहे. या जागेवरून वाङ्मयाचा आढावा घेण्याची रीत आहे. मी तो एकाच प्रश्नापुरता घेणार आहे. हक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्या बाईच्या मनात काय घडतं, आणि ते आपल्या लेखणीत इतकं कमी का आलं?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू, आणि पहिल्या बदलापासून: भीतीच्या. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे आणि हातभट्टीही आहे. त्यामुळे गावोगावच्या दारूबंदी महिला मंडळांना पोलीस ठाण्याची पायरी ओळखीची झाली आहे. एकटी बाई तक्रार घेऊन गेली की तिला बाकावर बसवून ठेवतात, नवऱ्याला घेऊन या म्हणतात. तीच चाळीस जणींबरोबर गेली की साहेब उठून बाहेर येतात. दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा रस्त्यावर ओतल्याने गावातली दारू कायमची थांबत नाही, हे त्या बायांनाही ठाऊक असतं. पण भट्टीवाल्याच्या दारावरून काल खालमानेने गेलेली बाई आज त्याच दारात उभी राहते. तिची भीती पळाली असं आपण लिहून मोकळे होतो. भीती तिला वाटतेच. शेजारचीचा हातही कापतोय आणि तरी ती हललेली नाही, एवढं मात्र तिला दिसतं. आजवर जो आपला दुबळेपणा वाटत होता, तो सगळ्यांवरचा दाब आहे, हे तिला तिथे कळतं.

जॉन ड्र्युरी, स्टीफन रायकर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक आंदोलनांतल्या माणसांशी बोलून याचा अभ्यास केला आहे. एकजूट, पाठीशी कुणीतरी असल्याची खात्री आणि आपलं म्हणणं कृतीत उतरलेलं डोळ्यांनी पाहणं, यांतून माणसाला आपल्या बळाचा प्रत्यय येतो, असं त्यांना आढळलं. आमच्या बायांनी ते अनुभवाने शिकलेलं आहे.

दुसरा बदल शरमेचा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून देश ते ओळखतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. ‘बलात्कार’ हा जो शब्द घरात कुजबुजतही उच्चारत नव्हते, तो फलकांवर लिहून त्या चालल्या. शरम सोसणारीकडून करणाऱ्याकडे वळवण्याचं काम त्या फलकांनी केलं. १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. पण जिच्या नावाने घोषणा दिल्या, तिच्या मनाचं काय झालं, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलं?

तिसरी गोष्ट दुःखाची, आणि ती या तालुक्याच्या फार जवळची आहे. शेतकरी आत्महत्यांच्या यादीत वर्ध्याचं नाव आहे. मागे राहिलेल्या बाईला घर सांगतं की तिचं नशीबच खोटं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ जणींची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. त्या वर्षी नोव्हेंबरात अशा काही बाया मुंबईच्या आझाद मैदानावर जमल्या. आपल्यासारख्या इतक्या जणी एका ठिकाणी दिसल्या की नशिबाची गोष्ट सातबाऱ्याची होते. रडू थांबत नाही, पण त्यातला अपराधीपणा कमी होतो. औषधाने होणार नाही असं हे काम आहे.

इथवर मी कमाई सांगितली. आता खर्च सांगते, कारण भाषणांत तो सहसा वगळला जातो.

हिवाळी अधिवेशनात नागपूरला यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात. शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं, बाकीच्या डांबरावर बसून राहतात. रात्री गाडी गावात सोडते. घसा बसलेला, लेकरू तापलेलं, चूल थंड, आणि दारातच टोमणा: झाली का पुढारी? कुणाला मारही बसतो. दुपारी जी हजारोंत होती ती आता पुन्हा एकटी आहे. माझ्या मते मोर्चाच्या मानसिक परिणामाचा निकाल या रात्री लागतो. दुसऱ्या दिवशी कुणी तिला विचारायला आलं, तर दुपारचं बळ टिकतं. कुणीच आलं नाही, तर ते स्वतःवरच्या संशयात बदलतं.

लांबलेल्या लढ्याचा शीण वेगळाच. डिसेंबर २०१० मध्ये सामाजिक कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरपर्यंत दारूबंदीसाठी पायी चालल्या. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये उठवली गेली. ती बंदी योग्य होती की नव्हती, यावर मतभेद असू द्या. त्या चालण्याचं काय झालं, हे मात्र चाललेल्या बाईला कुणी समजावून सांगितलं नाही. असा विरस मनात साचला की बाई पुढच्या हाकेला येत नाही, आणि आपण म्हणतो, बाया थंड पडल्या.

बळ टिकवायचं कसं, याचंही उत्तर आपल्या शेजारी आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्या चळवळीतूनच १९८९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात संपूर्णपणे स्त्रियांची ग्रामपंचायत निवडून आली. मेळाव्यातल्या जोशाला तिथे रोजचं काम मिळालं आणि रोज एकमेकींना भेटण्याचं निमित्तही. मोर्चा काढणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे, की गाड्यांच्या हिशेबाबरोबर परतल्यानंतरच्या बैठकीचीही तारीख ठरवा. त्या बैठकीत निवेदनाचं काय झालं एवढंच बोलू नका. घरी काय झालं, तेही विचारा.

आणि लेखकांना? जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा आणि पेन्शन, असे ठराव तिथे झाले. ठराव कागदावर नोंदलेले राहिले. पण त्या पिढीच्या बायकांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं, ते ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी दारोदार जाऊन मुलाखती घेतल्या म्हणून. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये निघालं, तोवर परिषदेला जवळपास अर्धशतक उलटलं होतं. कितीतरी जणी तोवर न बोलताच गेल्या असतील.

आपण एवढं थांबू नये. देवळी, भिडी, पुलगावच्या बायांकडे वही घेऊन जा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. नाव नको म्हणाल्या तर घालू नका. त्यांना रणरागिणी करू नका. त्यांचा कंटाळा, राग, भांडणं, पश्चात्तापही येऊ द्या. पुढच्या संमेलनात पहिलं सत्र त्यांचं ठेवा, आणि अध्यक्षांचं भाषण त्यानंतर.