पुराची पेरणी



वैशाखांत सिरोंच्याच्या घाटावर उभें राहिलें, तर समोर पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. वैनगंगा आणि वर्धा यांच्या चपराळ्याजवळील संगमांतून निघालेली प्राणहिता सुमारें ११३ किलोमीटर वाहून येथें गोदावरीला मिळते. उन्हाळ्यांत या नद्यांचें पाणी दोन-तीन धारांत फुटतें, वाळूच्या बेटांना वळसे घालतें आणि पुढें पुन्हां एक होतें. जणूं कोणी सैल हातानें वेणी घातली आहे. ब्रह्मपुत्रेची वेणी याहून कितीतरी रुंद व गुंतागुंतीची. पण रीत तीच. या वेणींत माळलेल्या हिरव्या झाडीविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

ही झाडी वाटेल तशी उगवलेली नसते. तिला पायऱ्या असतात. अगदीं धारेलगत, खडकांच्या फटींत, शेरणीचीं झुडपें. त्यांचीं पानें अरुंद, फांद्या चिवट; पूर डोक्यावरून गेला तरी तीं वांकतात, मोडत नाहींत. ओल्या वाळूवर झाऊ. त्याच्या वरच्या अंगाला कास. पावसाळा सरतां त्याचे पांढरे तुरे डोलूं लागतात. आणि उंच कांठावर अर्जुन, जांभूळ, करंज. या पायऱ्या पुरानेंच बांधल्या आहेत. जेथें पाणी वारंवार चढतें, तेथें वांकणारें झुडूपच टिकतें; जेथें तें क्वचित् पोहोंचतें, तेथें वृक्षाला खोड जाड करण्यास अवधि मिळतो.

परंतु पूर केवळ उपटून नेतो असें नव्हे, तो पेरतोही. झाऊचें बीं फार बारीक, केसाळ आणि अल्पायुषी. दाट गवतांत वा सावलींत तें रुजत नाहीं. त्याला पूर ओसरतांना मागें राहिलेला उघडा, ओला गाळ हवा. पाण्याची पातळी उतरूं लागली, कीं रोपाचें मूळ तिच्या मागोमाग खोल जातें. ती फार वेगानें उतरली तर रोप वाळतें. दुसरा लोंढा लवकर आला तर वाहून जातें. असंख्य रोपांतून जीं थोडीं वांचतात, त्यांच्या आडोशाला पाणी मंदावतें, वाळू सांचते, उंचवटा वाढतो. त्यावर कास येतो आणि आपल्या भूमिगत खोडांनीं वाळू बांधून ठेवतो. असें बेट वाढत असतें, तोंवर एखादा महापूर येतो, तें कापून नेतो आणि पेरणीला नवी जागा मोकळी करतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, ज्याचें शेत बुडालें त्याला हें सांगा." आक्षेप खरा आहे. जुलै २०२२ च्या महापुरानें सिरोंचा तालुक्यांतील गांवें वेढलीं, शेतें बुडविलीं. त्या दुःखाला झाडीचें कौतुक हें उत्तर नव्हे. पण पूर नाहींसा करणें हेंही उत्तर नव्हे. अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत प्लॅट नांवाची अशीच वाळूची नदी आहे. वरच्या अंगाला धरणें व कालवे झाले, पूर दबले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या पात्राचा मोठा भाग झाडांनीं भरून गेला. उघड्या वाळूवर रात्रीं उतरणाऱ्या क्रौंच पक्ष्यांना जागा अपुरी पडूं लागली. आतां तेथें झाडें तोडून पात्र मोकळें करावें लागतें.

आपल्याकडे प्रश्न उलट बाजूनेंही येतो. गोदावरीवरील मेडीगड्डा धरण जून २०१९ मध्यें सुरूं झालें. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याचे खांब खचल्यावर अडविलेलें पाणी सोडावें लागलें. अशा धरणाच्या फुगवट्याखालीं वाळूचीं बेटें महिनोन्‌महिने बुडालेलीं राहतात. पुरांत कांहीं दिवस बुडणें झाऊला सोसतें. सदैव बुडून राहणें सोसत नाहीं. पूर रोखला तर पात्र झाडांनीं बुजतें, पाणी कायम तुंबविलें तर झाडें मरतात. दोन्ही वाटांनीं नदीची वेणी सुटते.

म्हणून माझें म्हणणें इतकेंच, कीं धरण बांधणाऱ्यांनीं पाण्याच्या हिशेबांत पुराच्या चढण्या-उतरण्याचाही विचार करावा. आणि आपण, जेथें शेरणी, झाऊ व कास दिसेल तेथपर्यंत नदीचा हक्क आहे असें समजून, घर त्याहून बरेंच वर बांधावें. उन्हाळ्यांत रिकामी दिसणारी ती जागा नदीला आषाढांत लागणार असते.