नळाचे पाणी : धरणापासून घागरीपर्यंत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



शिक्षणनिधी, वसतिगृह आणि वधूवरसूचन हे या व्यासपीठाचे नेहमीचे विषय होत. ते बाजूस ठेवून आज आम्ही पिण्याच्या पाण्याविषयी चार शब्द बोलणार आहोत.

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. तत्पूर्वी हे शहर विहिरींवर व तळ्यांवर जगत असे. धोबीतलाव, गोवालिया टँक ही आता केवळ नावेच उरली आहेत. पुढे तुळशी, १८९२ साली तानसा, १९५७ साली वैतरणेवरील मोडकसागर अशी भर पडत गेली. मोडकसागरास ज्यांचे नाव लाभले ते नानासाहेब मोडक आपल्याच भाषेचे अभियंते, हे सांगताना अभिमान वाटतो. आज सात जलाशयांचे पाणी शहरास मिळते. त्यातील बरेचसे भांडुप येथील केंद्रात निवळून, गाळून व क्लोरिन मिसळून पुढे सोडले जाते.

तेथून निघताना पाणी चांगले असते. बिघाड होतो तो वाटेत. नळास चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब उतरतो आणि जेथे सांधा निखळला असेल किंवा नळ गंजून झिजला असेल, तेथून लगतच्या गटारातील घाण आत ओढली जाते. पाणी पुन्हा सुटताच तीच घाण घरोघर पोहोचते. पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरिन हाच येथे खरा पहारेकरी. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. पहिल्या पाण्यास वास येतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आपल्या वाडवडिलांनी पाण्याचे सोवळे कसोशीने पाळले. परंतु ते सोवळे स्पर्शाचे होते. त्यापायी १९२७ साली महाड येथे चवदार तळ्याच्या पाण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला. ज्ञातिसंस्थेच्या सभेत हे बोलणे काहींस रुचणार नाही, तरी बोलतो. ज्यांना दूर ठेवले त्यांच्या हाताने पाणी कधी बाटले नाही. पटकीचे जंतू मात्र सोवळ्यातील घागरीतही सुखाने नांदले.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या मज्जाविकाराची साथ आली. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आढळला आणि संशय पाण्यावर गेला. चालती माणसे हातापायांतील बळ जाऊन अंथरुणास खिळली.

आता आपल्या इमारतींकडे वळू. तळटाकी कित्येक ठिकाणी मैलापाण्याच्या चेंबरला लागून असते, झाकण फुटलेले असते, आणि ती शेवटची केव्हा धुतली हे चिटणीसांनाही सांगता येत नाही! घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसवले की टाकीची आठवणच सुटते. पण पहारेकरी आणि मोलकरीण त्याच टाकीचे पाणी यंत्रावाचून पितात. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, जंतूंचा नाश होईलच असे नाही. शंका आल्यास पाण्यास खळखळून उकळी आणावी.

मंडळाने क्लोरिन तपासण्याच्या काही पेट्या घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. खर्च अल्प आहे. थेंब टाकून रंग पाहण्याचे काम शाळकरी मुलेही करू शकतील. आरंभ वसतिगृहाच्या टाकीपासून व्हावा. नमुना पाणी सुटते त्या वेळचा नळाचा आणि दुसरा टाकीतला, असे दोन्ही घ्यावेत. नळाच्या पाण्यात रंग आला आणि टाकीच्या पाण्यात आला नाही, तर महापालिकेकडे तक्रार नेण्याआधी टाकीचे झाकण उघडून पाहावे.