दुखत नाही म्हणून सोडलेली गोळी



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला आशाताई बीपीचं मशीन घेऊन आल्या. एका काकूंचं वरचं बीपी 180 निघालं. "काकू, गोळी चालू होती ना?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "होती गं. पण काही दुखत नव्हतं, म्हणून दिवाळीपासून सोडली."

काकूंना त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेलं. गोळी परत सुरू झाली. पण मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यातल्या किती जणींची आहे! म्हणून आज मी तुम्हाला एका डॉक्टरांबद्दल सांगणार आहे.

त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म 1911 चा, मुंबईचे पारशी. लंडनला शिकले आणि मुंबईला परत येऊन केईएम रुग्णालयात हृदयरोगाचं काम करू लागले. त्या काळी बीपीवर धड औषधच नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना बीपी होतं. दिमतीला मोठमोठे डॉक्टर होते, तरी 1945 साली मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले.

आपल्याकडे वैद्य सर्पगंधेची मुळी पूर्वीपासून वापरत. 1931 साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी ती बीपीवर चालते असं लिहिलं होतं. पण जगाने फारसं लक्ष दिलं नाही. डॉ. वकिलांनी काय केलं? बीपीच्या 50 रुग्णांना ही मुळी देऊन त्यांच्या बीपीच्या नोंदी ठेवल्या, आणि 1949 मध्ये ते सगळं इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापलं. ते वाचून अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी औषध वापरून पाहिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला गुणकारी अंश वेगळा काढला. त्याचं नाव रिसरपीन. 1957 मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

बघा, मुळी तर आधीपासून होतीच. जगाला पटलं ते मोजलं, लिहून ठेवलं म्हणून. आपण गटाची वही ठेवतो ना, अगदी तसंच.

आणखी एक. आपल्याला येतं ते त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. रुग्णाला कसं बघायचं, काय विचारायचं, नाडी आणि छाती कशी तपासायची, यावर त्यांनी डॉ. गोलवाला यांच्यासोबत पुस्तक लिहिलं. ते वाचून डॉक्टरकीच्या मुलांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, तेही त्यांचे विद्यार्थीच झाले.

आता एक ताकीद. हे ऐकून कोणी सर्पगंधेची मुळी उगाळून घेऊ नका बरं का! तिचं प्रमाण चुकलं तर बीपी फार उतरतं, आणि मन इतकं उदास होतं की जीव नकोसा वाटतो. आज तिच्यापेक्षा सुरक्षित गोळ्या आहेत आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात.

बीपी मोजायला जाल तेव्हा आधी पाच मिनिटं शांत बसा. डोक्यावर हंडा घेऊन आलात आणि लगेच मोजलं, असं नको. वरचं 140 किंवा खालचं 90, किंवा त्याहून जास्त, पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दिवसभराचं मीठ एका छोट्या चमच्यात बसवा, त्यात पापड-लोणच्याचंही धरा. आणि गोळी मनाने सोडू नका. बीपी दुखत नाही, हीच त्याची खोड आहे. ते गुपचूप मेंदू, हृदय आणि किडनी खराब करतं.

आमच्या गटाने आता बचतीच्या वहीत एक रकाना वाढवलाय. हप्त्याशेजारी प्रत्येकीचं बीपी लिहितो. काकूंचं परवा 138 आलं. तुमच्या गटातही हा रकाना आखा आणि पहिलं नाव स्वतःचं लिहा.