दाद मागायची कोणाकडे?



सोलापुरात संगणकाचा विषय निघाला की गाडी हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर येते, तिथून जीएसटीवर, आणि फार तर चादरीच्या डिझाइनवर. आज मला त्याच्या बरंच खाली उतरायचं आहे. यंत्राचं बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या कार्यप्रणालीचा गाभा, मेमरी कशी वाटतो आणि ती मिळाली नाही तर काय करतो, एवढाच माझा विषय. अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं अशी प्रथा आहे. ते काम करायला उत्सुक मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून मी ते त्यांच्यावर सोपवतो.

कर्नल एकदा नीट उभा राहिला की मेमरी वाटण्याचं काम ‘बडी’ आणि ‘स्लब’ हे दोन वाटपकार करतात. पण त्यांना स्वतःचं दप्तर मांडायलाच आधी जागा लागते. मेमरीच्या ४ केबीच्या प्रत्येक पानामागे कर्नल साधारण ६४ बाइटची एक नोंद ठेवतो. यंत्रात १ टेराबाइट मेमरी असेल तर पानं होतात २६ कोटी ८४ लाखांच्या वर, आणि नुसत्या नोंदींना १६ जीबी लागतात. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ २०२० च्या नोव्हेंबरात जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तेव्हा आपण त्याचा वेग मोजला. अशा मोठ्या यंत्रांत हे दप्तर मांडायलाच किती वेळ जातो, तिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. २०१५ मध्ये लिनक्समध्ये या नोंदींपैकी बऱ्याचशा नंतर भरण्याची सोय आली, ती मोठ्या यंत्रांची ही रखडपट्टी कमी करण्यासाठीच.

मग वाटपकार तयार होण्याआधी मेमरी द्यायची कोणी? हे काम ‘मेमब्लॉक’ करतो. त्याची रचना इतकी साधी आहे की दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती फळ्यावर काढता यावी. त्याच्याकडे मुख्यतः दोन याद्या. एक, यंत्रात मेमरी कुठून कुठपर्यंत आहे याची. दुसरी, त्यातली कोणती जागा अडली आहे याची. सुरुवातीला प्रत्येक यादीत १२८ नोंदींची जागा असते. कोणी मेमरी मागितली की पहिल्या यादीतला असा तुकडा शोधायचा जो दुसरीत नाही, तो दुसरीत लिहायचा, शून्यांनी पुसून द्यायचा. मोकळं करणं, पुन्हा वापरणं यांचा फारसा विचार नाही, कारण याचा कारभारच मुळी औट घटकेचा. बडी तयार झाला की न अडलेली सगळी पानं त्याच्या हवाली करायची आणि बाजूला व्हायचं.

आता प्रश्न असा, की या काळात मेमरी मिळालीच नाही तर?

आपण सगळे सी शिकलो ते एका संस्कारासह. मॅलॉकने मेमरी मागितली की पुढच्याच ओळीत ‘नल’ आहे का ते तपासायचं. नसेल तपासलं तर तोंडी परीक्षेत गुण कापले जातात. संस्कार चांगलाच आहे. पण तपासून करायचं काय, हे फारसं कोणी शिकवत नाही. हाक मारणाऱ्याला चूक कळवणारा आकडा परत द्यायचा, त्याने त्याच्या वरच्याला द्यायचा, असं वर वर जायचं. साध्या प्रोग्रॅममध्ये वर कुठेतरी वापरणारा माणूस असतो. चालू कर्नलमध्ये वर एखादी प्रक्रिया असते, तिला नकार देता येतो. यंत्र सुरू होताना, म्हणजे बूट होताना, मात्र वर कोणीच नसतं. पहिली प्रक्रिया जन्माला यायची आहे, डिस्क ओळखीची झालेली नाही, माणूस काळ्या पडद्याकडे बघत बसला आहे. तिथे चूक कळवणारा आकडा वर पाठवला तर तो शेवटी ज्याच्या हातात पडेल त्याच्याकडेही त्यावर उपाय नसतो. दाद मागायची कोणाकडे?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्या मंडळींनी माग चालवला आहे त्यांना हे लगेच पटेल. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी अडकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर ती वर. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये आणलेल्या मागाचं नाव झालं ते धावत्या मागात धोटा बदलण्याच्या सोयीसाठी, पण धागा तुटताच थांबणं हाही त्याचा तेवढाच मोठा गुण होता. ही सोय नसलेला माग विणत राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात फट पडलेला कपडा जातो. थांबलेल्या मागाकडे कामगार सरळ तुटलेल्या धाग्यापाशी जातो. फट पडलेल्या कपड्याचा धागा मात्र कोणत्या पाळीत तुटला, ते शोधत बसावं लागतं.

थांबायचं कसं, हे लिनक्सवाल्यांनाही एकदम उमगलं असं नाही. १९९९ च्या सुमारास इंगो मोल्नार यांनी ‘बूटमेम’ आणला. तो प्रत्येक पानामागे एक बिट ठेवायचा आणि जागा नसली की त्याच्या मुख्य फंक्शनमधूनच ‘पॅनिक’ व्हायचं, म्हणजे संदेश छापून यंत्र थांबायचं. न थांबणारी वेगळी फंक्शनंही होती. मेमब्लॉक पुढे पॉवरपीसी या प्रोसेसरच्या कोडमधून आला, २०१० मध्ये त्याला हे नाव मिळालं, आणि २०१८ च्या शेवटी ४.२० आवृत्तीत माईक रॅपोपोर्ट यांनी बूटमेम काढून टाकला. २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत ठरलं, की वाटपकाराने गुपचूप पॅनिक करायचं नाही. ज्याने मागितलं त्याने तपासावं आणि त्यानेच ठरवावं. तत्त्व म्हणून उत्तम. प्रत्यक्षात काय झालं? जवळजवळ प्रत्येक मागणाऱ्याने तेच ठरवलं: तपास, पॅनिक कर, किती बाइट मिळाले नाहीत ते छाप. अल्फा, आर्म, पॉवरपीसी, एस-३९०, कोणत्याही प्रोसेसरचं दालन उघडा, त्याच दोन-तीन ओळी. कोणी फंक्शनचं नाव छापी, कोणी नाही. कुठे तपासणी राहूनही गेली.

२०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ६.१४ आवृत्तीत या ओळी एका जागी गोळा झाल्या. नव्या फंक्शनच्या नावातच ‘मेमब्लॉक अलॉक ऑर पॅनिक’ असा करार लिहिलेला आहे: मेमरी दे, नाहीतर थांब. मागणाऱ्या फंक्शनचं नाव ते आपणहून छापतं. काही जण म्हणतील, पंचवीस वर्षांनी फिरून तिथेच आलो. मला तसं वाटत नाही. तेव्हा साधी मागणी केली तरी तिच्या पोटात पॅनिक दडलेलं होतं. आता पॅनिक हवं असेल तर ते नावानिशी मागावं लागतं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आणि म्हणूनच हे फंक्शन जिथे तिथे चिकटवायचं नाही. बूटच्या काळातही काही ठिकाणी नकारावर उपाय असतो. कर्नलच्या नोंदवहीसाठी तुम्ही मोठा लॉग बफर मागितला आणि जागा मिळाली नाही, तर कर्नल तक्रार छापतो आणि आधीच्या छोट्या बफरवर भागवतो. मोठे हॅश टेबल मांडताना जागा कमी पडली तर आकार निम्मा करून पुन्हा मागतो, परत निम्मा. पानाएवढ्या जागेपर्यंत उतरूनही हाती काही लागलं नाही, तरच पॅनिक. या दोन्ही कामांचा कोड विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. चूक हाताळणं म्हणजे काय, हे त्यात कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगलं दिसतं, आणि वाचायला अर्धा तासही लागत नाही.

थांबण्याबद्दल आणखी एक. थांबलेलं दिसलं पाहिजे. बूटच्या अगदी सुरुवातीला कन्सोल तयार नसतो, त्यामुळे पॅनिकचा संदेश बफरमध्येच राहतो आणि पडदा काळाच. छोट्या बोर्डांवर काम करणाऱ्यांनी ‘अर्लीकॉन’ हा सुरुवातीचा कन्सोल चालू ठेवल्याशिवाय हे प्रयोग करू नयेत. क्यूएमू या आभासी यंत्रात मेमरी कमी कमी करत न्या आणि कर्नल कुठे, काय म्हणून थांबतो ते पाहा. यासाठी प्रयोगशाळेला रुपयाचाही खर्च नाही.

‘थांबा’ हा मंत्र कर्नलभर लागू करायचा मोह होईल, तर तिथे मी हात आडवा घालीन. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची यंत्र पाडणाऱ्या ‘बग ऑन’ या तपासणीवरची नाराजी प्रसिद्ध आहे: एका ड्रायव्हरला चार बाइट मिळाले नाहीत म्हणून त्याने दुसऱ्याचं चालू यंत्र पाडायचं नाही. २०२१ मध्ये रस्ट भाषा कर्नलमध्ये आणण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा त्यांचा एक ठाम आक्षेप हाच होता, की मेमरी न मिळाल्यावर रस्टची नेहमीची साधनं पॅनिक करतात. रस्टवाल्यांना आपल्या वाटपाची रीत बदलून नकार परत देणारी करावी लागली, आणि २०२२ च्या डिसेंबरात ६.१ आवृत्तीतून रस्ट कर्नलमध्ये आलं. म्हणजे बूट होताना जे शहाणपण, ते अर्ध्या सेकंदानंतर गुन्हा.

चालू कर्नलमधल्या तपासण्यांचंही एक दुखणं आहे. लहान मागण्यांना कर्नल सहसा नकार देतच नाही. मेमरी मोकळी करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्यामुळे ‘मिळाली नाही तर’ हा रस्ता वर्षानुवर्षं कोणी चालतच नाही, आणि न चाललेल्या रस्त्यावर हमखास खड्डे असतात. मुद्दाम नकार द्यायला लावणारं ‘फेलस्लॅब’ नावाचं साधन कर्नलमध्येच आहे. आपल्याकडे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत चेहरा ओळखून हजेरी लावणारी सॉफ्टवेअर दरसाल नव्याने बनतात. त्यांतला एखादा गट एक ड्रायव्हर घेऊन फेलस्लॅबखाली चालवील आणि सापडलेला दोष दुरुस्त करून पाठवील, तर मला अधिक आनंद होईल.

आता उरला प्रश्न सीमेचा. बूट संपल्यावर कोणी चुकून मेमब्लॉककडेच मेमरी मागितली तर? स्लब तयार झालेला असताना अशी मागणी आली, तर मेमब्लॉक इशारा छापतो आणि ती मागणी स्लबकडून भागवतो. पण त्यापुढे ही सगळी वाटपाची फंक्शनं ‘इनिट’ विभागात ठेवलेली असतात. इतर कोडने त्यांना हाक मारली तर बांधणीच्या वेळीच इशारा येतो. आणि बूट पूर्ण झाल्यावर तो विभागच मोकळा करून त्याची पानं बडीला दिली जातात. डीमेसेगने दाखवलेल्या कर्नलच्या संदेशांच्या यादीत ‘फ्रीइंग अनयूज्ड कर्नल इमेज’ अशी ओळ शोधा. तिच्यापुढे लिहिलेल्या केबींमध्ये ‘मेमरी दे, नाहीतर थांब’ म्हणणारं ते फंक्शनही गेलेलं असतं.