अंगदुखी, थकवा आणि रक्ताची तपासणी
(कोरीट येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही शिक्षणप्रसारावर बोलावे अशी मंडळाची इच्छा होती. परंतु जे मूल महिन्यातून आठ दिवस अंथरुणास खिळलेले असते, त्यास शाळेचे महत्त्व काय सांगावे? म्हणून आज अंगदुखीविषयी बोलतो.

असे मूल आम्ही वर्गात अनेकदा पाहिले आहे. हातपाय ठणकतात, डोळे पिवळसर दिसतात, चार पावले धावताच दम लागतो. पुढे तेच पोर ऊसतोडीस गुजरातेत जाते आणि मुकादम त्यास कामचुकार ठरवितो. घरी कोणी बाहेरची बाधा म्हणते, कोणी इंजेक्शन टोचून आणते. दुखणे चार दिवस दबते, कारण तसेच राहते.

थकव्याची कारणे अनेक आहेत. लोहाची उणीव, जंत, क्षय, मधुमेह, थायरॉईडचा विकार, यांपैकी काहीही असू शकेल. परंतु आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः आपल्या भिल्ल व पावरा बांधवांत, लहानपणापासून हाडे-सांधे वारंवार दुखत असतील तर सिकलसेलची तपासणी आधी करावी. निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचीक असून सुमारे 120 दिवस जगते. या रोगात ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते आणि 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त कमी पडते व थकवा येतो. पाटात काटक्या अडकून पाणी तुंबावे, तशा या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढील भागास प्राणवायू मिळत नाही व असह्य वेदना होतात. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी 1910 साली या पेशींचे वर्णन केले. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत त्या आढळल्या.

यात कोणाचे पाप नाही. दोष एकाच पालकाकडून आला तर मनुष्य केवळ वाहक, म्हणजे 'एएस'. तो बहुधा निरोगी असतो. किंबहुना मलेरियाच्या गंभीर आजारापासून त्यास बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक खेपेस रुग्ण अपत्याचा संभव चारांत एक असतो. वाहकाचा जोडीदार निर्दोष असल्यास ही भीती नाही.

रुग्णाने पाणी भरपूर प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावे. ताप येताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया घेतल्यास दुखण्याचे झटके कमी होतात. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र चालू ठेवू नयेत. 1 जुलै 2023 रोजी मध्यप्रदेशात शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने 2047 पर्यंत या रोगाच्या निर्मूलनाचे ध्येय ठेविले आहे. पहिली चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. दोष दिसल्यास पक्की तपासणी करून घ्यावी लागते.

आता मंडळास एक विनंती. आपल्या वधूवर नोंदणीत शिक्षण, शेती, नोकरी सर्व विचारले जाते, रक्ताचा अहवाल विचारला जात नाही. मुलीस बट्टा लागेल, अशी शंका काही भगिनींनी आमच्यापाशी बोलून दाखविली. ती खोटी नाही. दोष दोन्हीकडून येत असता बोल सुनेसच लागतो. म्हणून अहवाल पुस्तकात छापू नये. मुलाचा व मुलीचा, दोघांचाही, बोलणी पक्की होण्यापूर्वी दोन्ही घरांनी एकमेकांस दाखवावा, आणि मुलाकडच्यांनी आपला आधी पुढे ठेवावा.