भर उन्हांतला तांबडा दिवा

मोटारसायकलीचा पुढील दिवा दिवसा चुकून जळत राहिला, तर समोरून येणारा अनोळखी मनुष्य हात वर करून मुठीची उघडझाप करी. ‘दिवा चालू आहे, मालवा,’ एवढाच त्या खुणेचा अर्थ. महाराष्ट्रांतील रस्त्यांवर हा शिष्टाचार कित्येक वर्षें पाळला गेला. पुढें १ एप्रिल २०१७ पासून भारतांत नव्यानें तयार होणाऱ्या दुचाकी मोटारगाड्यांचा दिवा यंत्र सुरू होतांच आपोआप लागावा असा नियम झाला, आणि त्या खुणेचें प्रयोजन हळूहळू संपलें. वीज व्यर्थ जाऊं नये, ही खूण करणारांची सद्भावना. परंतु तिनें नकळत एक गोष्ट सिद्ध केली होती. भर दुपारीं, गर्दीच्या रस्त्यावर जळणारा एक लहानसा दिवा परक्या माणसाच्याहि ध्यानांत येतो, आणि हात वर करण्याइतकें त्याचें लक्ष वेधून घेतो.

मोटारसायकलीस जें लागू, तें साध्या सायकलीस अधिकच लागू आहे. सायकलीस यंत्राचा आवाज नाहीं, आकार अरुंद आणि वेग बेताचा. शिवाय सायकलस्वार मागून येणाऱ्या वाहनास पाठमोरा असतो. मागें काय चाललें आहे हें त्यास दिसत नाहीं. आपलें रक्षण तो सर्वस्वीं दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोंपवून पुढें जात असतो. एके काळीं पुण्यासारख्या सायकलींच्या शहरांत दिवेलागणीनंतर दिव्याविना सायकल नेली, कीं पोलिसाची शिट्टी ऐकूं येई. त्यामुळें सायकलीचा दिवा म्हणजे रात्रीची वस्तु, ही समजूत घरोघरीं रुजली. ती आतां थोडी बदलावयास हवी.

प्रश्न मुख्यतः सेकंदांचा आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें येते. ताशीं १८ किलोमीटरनें जाणारा सायकलस्वार तेवढ्या वेळांत ५ मीटर जातो. म्हणजे दोहोंमधील अंतर दर सेकंदास जवळजवळ १२ मीटरांनीं तुटत असतें. चालकाच्या ध्यानांत सायकल ४० मीटरांवर आली, तर त्याच्या हातीं साडेतीन सेकंदांहून कमी वेळ उरतो. त्यांतील दीड-दोन सेकंद तर पाहणें, समजणें आणि पाय हलविणें यांतच जातात. तीच सायकल २०० मीटरांवरून ध्यानांत आली, तर त्यास १७ सेकंद मिळतात. साडेतीन सेकंदांत मनुष्य दचकून सुकाणूं फिरवितो; सतरा सेकंदांत तो वेग उतरवितो, आरशांत पाहतो आणि अंतर राखून बाजूनें निघून जातो. दिवसाच्या दिव्याचें सारें काम या मधल्या सेकंदांत सांठविलेलें आहे.

कोणी म्हणेल कीं, दिवसा तर सर्वच दिसतें. परंतु दिसणें आणि लक्षांत येणें या दोन निराळ्या क्रिया होत. चालकाच्या डोळ्यांपुढें पाट्या, दुकानें, झाडें, माणसें आणि वाहनें यांची एकच गर्दी असते, आणि मन त्यांतून थोडकेंच निवडून घेतें. उन्हाळ्यांतील दुपारीं जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारें १,००,००० लक्स असतो. मोकळ्या जागेवरील सांवलींत तो त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो, आणि दाट झाडीखालीं त्याहूनहि उतरतो. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा असलेल्या वडांच्या छायेंत, किंवा कात्रज घाटांतील जुन्या बोगद्यांत, उन्हांतून एकदम शिरणाऱ्या चालकाचे डोळे क्षणभर दिपलेले असतात, आणि तेवढ्या क्षणीं करड्या कपड्यांतील सायकलस्वार भिंतींत मिसळून गेलेला असतो. पावसाळ्यांत लोणावळा, महाबळेश्वर किंवा आंबोली येथील धुक्यांत दिवसाढवळ्या हीच स्थिति होते. अशा ठिकाणीं तांबडा दिवा उन्हांतल्यापेक्षां कित्येक पटींनीं उठून दिसतो, आणि त्याची गरजहि तेथेंच सर्वांत अधिक असते.

या विचारास प्रयोगाचा आधारहि आहे. डेन्मार्क देशांतील ओडेन्स शहरीं ३,८४५ सायकलस्वारांना घेऊन एक वर्षभर एक प्रयोग झाला, आणि त्याचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं स्वारांच्या सायकलींस पुढें व मागें असे दिवे बसविले, कीं जे चाकाच्या आऱ्यांवरील लोहचुंबकांच्या योगानें, चाक फिरत असेतों, रात्रंदिवस जळत राहात. उरलेल्यांना असे दिवे दिले नाहींत. दिवे असलेल्यांमध्यें इजा होणाऱ्या अपघातांचें प्रमाण १९ टक्क्यांनीं कमी आढळलें, आणि दुसऱ्या कोणाशीं टक्कर होऊन घडलेल्या अपघातांपुरतें पाहिलें तर तें ४७ टक्क्यांनीं कमी आढळलें. या आंकड्यांचें वजन करतांना विवेक हवा. अपघातांची माहिती स्वारांनीं स्वतःच कळविली होती, आणि आपल्या सायकलीस दिवा आहे कीं नाहीं हें प्रत्येकास ठाऊक होतें. शिवाय दिवे दोन्ही बाजूंस असल्यामुळें सारें श्रेय मागल्या दिव्यास देतां येत नाहीं. तरीहि, दिवसा जळणारा दिवा निरुपयोगी नाहीं, एवढें त्यावरून निःशंकपणें म्हणतां येतें.

आतां निवडीचा प्रश्न. दुकानांतील खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत ‘ल्युमेन’चा आंकडा छापलेला असतो, आणि मोठा आंकडा तो चांगला दिवा, असें ग्राहक धरून चालतो. ल्युमेन हें दिव्यांतून सर्व दिशांस मिळून निघणाऱ्या प्रकाशाचें माप आहे. विवक्षित दिशेनें प्रकाश किती तीव्र जातो, याचें माप निराळें. त्यास कँडेला म्हणतात. बागेंतील नळींतून एका मिनिटांत किती पाणी बाहेर पडलें हें ल्युमेन, आणि नळीचें तोंड चिमटल्यावर धार किती जोरानें लागते हें कँडेला, असें मानल्यास घोटाळा होणार नाहीं. दूरच्या चालकाच्या डोळ्यांशीं संबंध धारेचा असतो. तेव्हां खोक्यावर कँडेलाचा आंकडा दिला असल्यास तो पाहावा. नसल्यास दिव्याचें भिंग नीट न्याहाळावें. मागील बाजूस प्रकाश एकवटणारें आणि थोडा कडेलाहि सांडणारें भिंग उत्तम. धार फारच अरुंद असेल, तर दिवा दोन-चार अंशांनीं कलतांच तिचा बहुतेक गुण नाहींसा होतो, आणि वळणावर तर ती चालकापर्यंत पोंचतच नाहीं.

दुसरी गोष्ट उघडझापीची. लुकलुकणारा दिवा स्थिर दिव्यापेक्षां लवकर लक्ष वेधतो, म्हणून दिवसासाठीं तो बहुधा पसंत केला जातो. परंतु चमक अति आंखूड असेल तर आंकडा फसवितो. ब्लाँडेल आणि रे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९११ सालीं एक नियम मांडला. तो त्यांनीं काळोखांतील दूरच्या, जेमतेम दिसणाऱ्या दिव्यांसाठीं काढला होता. परंतु त्यावरून चमकेच्या लांबीचें महत्त्व स्पष्ट कळतें. त्या हिशेबानें, ३०० कँडेलाचा दिवा एका वेळीं सेकंदाचा विसावा भागच चमकला, तर डोळ्यास तो ६० कँडेलाच्या स्थिर दिव्याइतका भासतो; तीच चमक सेकंदाचा पांचवा भाग टिकली, तर १५० कँडेलाइतका. म्हणून विजेसारखी झपकन् लोपणारी चमक टाळून, क्षणभर ठरणारी आणि नियमित तालाची चमक निवडावी. ब्रिटनमध्यें २००५ पासून सायकलीवर लुकलुकणाऱ्या दिव्यास मुभा आहे. त्याची चमक मिनिटास ६० ते २४० वेळां आणि तीव्रता निदान ४ कँडेला असावी, अशी तेथील अट आहे. ही ४ कँडेलाची अट रात्रीपुरती ठीक. भर उन्हांत एवढ्यानें भागत नाहीं. जर्मनींत मात्र सायकलीवर लुकलुकणारा दिवा चालत नाहीं, स्थिरच लागतो. दोन्ही नियमांच्या मुळाशीं तथ्य आहे. लुकलुकणारा दिवा चटकन् ध्यानांत येतो. स्थिर दिव्यावरून अंतराचा अंदाज अधिक नीट बांधतां येतो. म्हणून दिवसा लुकलुकता आणि रात्रीं स्थिर व सौम्य, असा क्रम ठेवावा. दिवसाचा प्रखर दिवा रात्रीं तसाच ठेवला, तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि पाठोपाठ चालणारा सोबतीहि त्रासतो.

तिसरी गोष्ट घराच्या सोयीची. दिवा कितीहि तेजस्वी असला, तरी जो मंगळवारीं भारित करावयाचा राहून जातो आणि बुधवारीं विझतो, त्याचा भरंवसा नाहीं. खोक्यावर छापलेले ‘४० तास’ बहुधा सर्वांत मंद प्रकाशाचे असतात. दिवसाच्या प्रखर चमकेंत तो किती तास टिकतो, हें स्वतंत्रपणें विचारून घ्यावें. रोज जाऊन-येऊन दीड तास सायकल चालविणाऱ्यास आठवड्याच्या सहा दिवसांस नऊ तास लागतात. तेव्हां दिवसाच्या चमकेवर दहा-बारा तास चालणारा दिवा त्यास सोईचा, म्हणजे रविवारचा एक वार ठरवून तो भारित करतां येतो. त्याचप्रमाणें महाराष्ट्रांतील चार महिन्यांचा पाऊस लक्षांत घ्यावा. दिव्यावर ‘आयपीएक्स ४’ असें असल्यास तो चहूंकडून उडणारे शिंतोडे सोसतो. ‘आयपीएक्स ७’ असल्यास एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडला तरी टिकतो. मुसळधार पावसांत आणि मागल्या चाकानें उडविलेल्या चिखलांत दुसऱ्या प्रतीचा दिवा अधिक भरंवशाचा. भारित करण्याच्या छिद्रावरील रबरी झांकण घट्ट बसतें कीं नाहीं, हेंहि बोटानें दाबून पाहावें. पुष्कळ दिवे तेथूनच बिघडतात.

चौथी गोष्ट बसविण्याची. बैठकीच्या दांड्यावर दिवा लावला आणि वरून लांब रेनकोट किंवा पाठीवरची पिशवी लोंबूं लागली, तर सारी निवड फुकट जाते. स्वारानें आपल्या नेहमींच्या पोशाखांत, नेहमींच्या सामानासह सायकलीवर बसावें, आणि घरांतील दुसऱ्या कोणी मागें शंभर-दीडशें पावलें जाऊन पाहावें. दिवा झांकला जात असेल, तर तो सामानाच्या मागच्या कडेस हलवावा. त्याचें तोंड आकाशाकडे किंवा जमिनीकडे न कलतां सरळ मागें असावें. ही परीक्षा दुपारीं बारा वाजतां घ्यावी. संध्याकाळच्या परीक्षेंत वाईट दिवाहि उत्तीर्ण होतो.

कांहीं नव्या दिव्यांत रडारहि असतें. तें मागून येणारें वाहन सुमारें १४० मीटरांपासून ओळखून पुढें बसविलेल्या लहान पडद्यावर स्वारास कळवितें. लांबच्या रस्त्यावर तें उपयोगी खरें. परंतु किंमत बरीच, आणि शहरांतील गर्दींत त्याची सूचना क्वचितच थांबते. रोजच्या कामापुरता साधा, तेजस्वी आणि टिकाऊ दिवा पुरेसा आहे.

दिव्यास जोड देणाऱ्या दोन स्वस्त गोष्टीहि आहेत. पहिली, चकाकणारा पोपटी-पिंवळा कपडा. तो न दिसणाऱ्या जंबुपार किरणांचें दृश्य प्रकाशांत रूपांतर करतो, म्हणून उन्हांत तो इतर रंगांहून उजळ वाटतो. उलट मागील तांबडी परावर्तक चकती दिवसा निरुपयोगी, कारण परत पाठविण्यास तिला मोटारीच्या दिव्याचा झोत लागतो. दुसरी गोष्ट पायांची. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानें १९७३ सालीं दाखवून दिलें कीं, काळोखांत माणसाच्या सांध्यांवर लावलेले थोडेसे प्रकाशाचे ठिपके हलूं लागतांच पाहणारा ‘हा मनुष्य चालत आहे’ हें तत्काळ ओळखतो. पायडलांबरोबर खालींवर होणाऱ्या घोट्यांवर त्याच पोपटी-पिंवळ्या रंगाची पट्टी बांधली, तर पुढें जाणारी वस्तु म्हणजे जिवंत माणूस आहे, हें दुरूनच कळण्यास मदत होते.

इतकें सांगूनहि एक मर्यादा उरते. दिवा पाहणाऱ्यास मदत करतो. न पाहणाऱ्यास तो कांहींच करूं शकत नाहीं. हातांतील दूरध्वनीकडे मान घालून मोटार हांकणाऱ्यापुढें शंभर दिवे लावले तरी व्यर्थ. म्हणून सायकलीवर दिवा नव्हता, हें कोणत्याहि चालकाच्या निष्काळजीपणाचें उत्तर होऊं शकत नाहीं. पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, दुधाचे कॅन लटकावून येणारा गवळी, पाळी संपवून घरीं परतणारा कामगार, यांपैकीं अनेकांच्या सायकलीस आजहि दिवा नाहीं, आणि चांगला दिवा घेण्याची ऐपत नाहीं. रस्त्यावर त्यांचा अधिकार दिव्यामुळें उत्पन्न होत नाहीं.

ज्या घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या नव्या सायकलीवर हजारों रुपये खर्च होतात, त्या घरानें त्या रकमेंतील एक लहानसा भाग मागल्या दिव्यासाठीं राखून ठेवावा, आणि तो दिवसाहि लावण्याची संवय पहिल्या दिवसापासून लावावी. त्याच घरांत बहुधा एक मोटारहि असते. ती चालविणाऱ्यानें रस्त्यावर पुढें तांबडा ठिपका दिसतांच वेग उतरवावा, आणि ठिपका नसलेल्या सायकलीसाठींहि डोळे तितकेच उघडे ठेवावे. मालवा, अशी खूण करण्याचें दिवस गेले; आतां त्या दिव्याकडे पाहून वाट देण्याचे दिवस आहेत.